भंगाराचा गाडा आणि मृगाची घाई

मृगाचा पाऊस पडला. दोन दिवस उघाड मिळाली आणि रानाला वापसा आला. बैल जुंपले, ओटीत बियाणे घेऊन घरची लक्ष्मी तिफणीमागे उभी राहिली, आणि चौथ्याच तासाला तिफणीचा फण दगडाला अडकून सांध्यातून निखळला. आता काय करायचे? गावात लोहार नाही. त्याची मुले केव्हाच शहराकडे गेली, भाता गंजला, ऐरण कोणीतरी भंगारात घातली. मग मागून आणलेल्या गाडीत मोडकी तिफण टाकायची आणि तालुक्याचा रस्ता धरायचा. तालुक्याच्या वर्कशॉपपुढे आपल्यासारखेच दहा-वीस जण बसलेले. वीज येईल तेव्हा नंबर लागणार. संध्याकाळी केव्हातरी दोन इंचांचा सांधा जुळतो, माणूस रात्री घरी येतो, आणि पहाटे पावसाची झड लागते. वापसा गेला.

दोन इंचांच्या सांध्याने हंगाम मागे पडला. ही गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. बागायतदाराचा एखादा दिवस चुकला तर तो पाण्याची पाळी धरून भरून काढतो. आपल्याकडे पेरणी लांबली की कपाशीची बोंडे भरायच्या वेळेस जमिनीत ओल उरत नाही आणि ज्वारीच्या कोंबावर खोडमाशी बसते. दाम सरकारने पाडले की व्यापाऱ्याने, याची चर्चा आपण दिवाळीनंतर करतो. पण काही नुकसान आषाढ लागायच्या आधीच होऊन गेलेले असते, आणि ते आपण नशिबाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

म्हणून या जिल्हा मेळाव्याच्या अंकात आम्ही कापसाच्या भावाऐवजी वेल्डिंगच्या गाड्याविषयी लिहायला बसलो आहोत. काही कार्यकर्त्यांच्या भुवया वर जातील. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, मग भांडायला यावे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दोन दिवस फिरलो. आपल्या भागातली पुष्कळ पोरे तिकडे कारखान्यांत कामाला आहेत. पाऊस हुकला की एकेका घरातून एकेक पोरगा रेल्वेत बसतो, तो तिथे उतरतो. त्यांची ख्यालीखुशाली विचारावी, एवढाच हेतू होता. अंबरनाथच्या एका शेडमध्ये आपल्याच जिल्ह्यातला एक पोरगा भेटला. बाप सहा एकरांचा धनी, सगळी जमीन आभाळाच्या भरवशावर. पोरगा आठ वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून गेला, आज पक्का वेल्डर आहे. दुपारच्या सुट्टीत तो जुन्या अँगलचे तुकडे जमिनीवर मांडून चौकट जुळवीत होता. हे काय, म्हणून विचारले तर म्हणाला, "काका, गावी न्यायचा गाडा हाय. मशीन याच्यावर बसवीन. बाबाची तिफण मोडली का आता तालुक्याले जायचं काम नाही."

लोखंड कुठून आणलेस, म्हटले. तो हसला. "इथं कोणी लोखंड फेकत नाही, काका. उद्या काय लागंल ते आजच पाहून ठेवतात."

हे एक वाक्य ऐकायला आम्ही एवढ्या लांब गेलो होतो असे म्हटले तरी चालेल.

उल्हासनगरची कथा आपल्या लोकांना अर्धवट ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने तात्पुरती छावणी उभारली होती. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार, शेतीवाडी, दुकाने सोडून आलेल्या लोकांना या रिकाम्या बराकींत आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन असाच सांगतो. या माणसांच्या हाती ना जमीन होती ना भांडवल. त्यांनी पापड लाटले, बिस्किटे भाजली, कपडे शिवले, लाकडाचे फर्निचर केले, पत्रे ठोकले. जे दिसेल ते उघडून पाहायचे, त्यासारखे दुसरे करायचे आणि स्वस्तात विकायचे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, अशी थट्टा अख्ख्या महाराष्ट्राने केली. थट्टा करणारे गिऱ्हाईकच राहिले. ज्यांची थट्टा झाली ते मात्र कारखानदार झाले.

नकली मालाची तरफदारी आम्हाला करायची नाही. पण ज्याला सगळे मागे टाकून यावे लागले त्याने हाताला लागलेल्या भंगारातून धंदा उभा केला, आणि ज्याच्या पायाखाली बापजाद्यांची जमीन आहे तो मोडका वखर किलोवर विकतो, ही तुलना कडू असली तरी ती करायला हवी.

शेजारचे अंबरनाथ तर कारागिरांचे फार जुने गाव. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा लेख असलेले शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर तिथे उभे आहे. पुढे याच गावात विम्कोच्या आगपेट्या बनल्या, संरक्षण खात्याचा आयुध कारखाना आला, यंत्रांचे नमुने घडवणारा कारखाना आला. त्यापुढे बदलापूरपर्यंत एमआयडीसीच्या शेडी लागल्या. अशा ठिकाणी पोलादाचे तुकडे, जुन्या मशिनींचे सांगाडे, चाके, बेअरिंगे, पाइप यांची एक वेगळीच बाजारपेठ तयार होते. आपल्याकडे भंगारवाला ढकलगाडी घेऊन गावात येतो तो न्यायला. त्या पट्ट्यात भंगाराच्या दुकानात लोक जातात ते आणायला. दोन्हीकडे माल तोच असतो, फक्त त्याची दिशा उलटी असते.

आता त्या पोराने गाडा कसा केला ते सांगतो. नीट वाचा, कारण हे तुमच्या गावात करता येण्यासारखे आहे.

खालची चौकट दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद, तेवढीच वरची, आणि अडीच फुटांचे चार उभे पाय. असा हिशोब धरला तर सगळा मिळून २४ फूट अँगल लागतो. त्याने ३५ मि.मी. रुंद आणि ५ मि.मी. जाड अँगल घेतला होता. हा अँगल मीटरला साधारण २.६ किलो भरतो, म्हणजे सांगाड्याला १९ किलो लोखंड झाले. जुन्या पलंगाचा, रॅकचा, मोडक्या ट्रॉलीचा अँगल चालतो. मात्र हातोडीने ठोकून पाहावा. गंजाने पापुद्रे सुटणारा, खड्डे पडलेला तुकडा बाजूला टाकावा.

चौकट मांडल्यावर आधी फक्त चारही कोपऱ्यांना एकेक टाका मारायचा. मग दोरीने दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे भरले की चौकट काटकोनात आहे असे समजावे. घर बांधताना पाया आखतो तशीच ही रीत आहे. त्यानंतर पक्का सांधा करायचा, तोही एका कोपऱ्यानंतर समोरचा कोपरा धरून. सगळी उष्णता एकाच बाजूला गेली की लोखंड ओढले जाते आणि चौकट पिळते. एवढ्या जाडीला १० नंबरची, म्हणजे ३.१५ मि.मी.ची काडी आणि ९० ते १२० अँपिअर करंट पुरतो.

मागच्या बाजूला खालून २० मि.मी.चा गोल बार आडवा टाकायचा, त्याच्या दोन टोकांना चाके, चाकाबाहेर वायसर आणि आरपार पिन. पुढे चाके द्यायची नाहीत, नुसते दोन पाय ठेवायचे, म्हणजे गाडा टेकवला की जागचा हलत नाही. जड मशीन खालच्या कप्प्यात आणि शक्य तितके चाकांच्या आसावर बसवायचे, म्हणजे उचलताना हाताला वजन लागत नाही. एक इंची जुन्या पाइपची मूठ कमरेच्या उंचीला. केबल गुंडाळायला बाजूला दोन हुक. काड्यांसाठी दोन्हीकडे टोपण असलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा, कारण पावसाळ्यात सर्दावलेली काडी सांध्यात बुडबुडे पाडते आणि तो सांधा भर कामात दगा देतो.

इथे एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती त्या पोराच्या ध्यानात आधीच आली होती. शेडमधल्या गाड्यांना तीन-चार इंचांची छोटी चाके असतात. सिमेंटच्या फरशीवर ती छान पळतात. आपल्या काळ्या मातीत, पावसाच्या दिवसांत, ती पहिल्या चिखलात आसापर्यंत रुतून बसतील. म्हणून त्याने भंगारातून जुन्या स्कूटरची दोन दहा इंची चाके टायरसकट आणली होती. शहरातली वस्तू जशीच्या तशी उचलून आणली तर ती आपल्याकडे चालत नाही. शासनाच्या योजनांतून आलेली किती अवजारे अशीच पंचायतीच्या ओसरीवर गंजत पडली आहेत, ते प्रत्येकाने आपल्या गावी पाहावे. चाक बदलायची अक्कल ज्याच्या जमिनीत ते रुतते त्यालाच असते.

कोणी म्हणेल, आता इन्व्हर्टरची हलकी मशीन आली आहेत, खांद्याला अडकवून नेता येतात, मग गाडा कशाला? मशीन हलके झाले हे खरे, आणि आपल्या दृष्टीने फार चांगले झाले. जुना ट्रान्सफॉर्मरचा सेट दोघांना उचलत नसे. पण मशीनबरोबर केबल, ग्राइंडर, हातोडी, काड्या, काच हे सगळे लागतेच, आणि मशीन चिखलापासून, धुळीपासून उंच ठेवावे लागते. वरच्या चौकटीवर एक पत्रा टाकून त्यावर व्हाइस बसवला की गाडा हेच वर्कशॉप होते. शेड बांधायला नको, जागा भाड्याने घ्यायला नको. ज्याच्या दारात तिफण मोडली त्याच्या दारात वर्कशॉप जाते. त्या पट्ट्यातला एक शेडमालक आम्हाला म्हणाला की २६ जुलै २००५ च्या पुरानंतर त्याने शेडमधली हलवता येण्यासारखी प्रत्येक वस्तू चाकावर चढवली. पाणी चढते तेव्हा चाकावरची वस्तू वाचते. पाऊस आमच्याकडे रडवतो तो न येऊन आणि त्यांच्याकडे रडवतो तो येऊन, पण दोघांनाही वेळ हाती फार थोडा मिळतो.

आता धोक्याचे. हे वाचल्याशिवाय कोणी काडीला हात लावू नये.

त्या पोराच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आहे. पहिल्याच वर्षी एका शेडमध्ये त्याला रिकामे पिंप कापायला सांगितले होते. रिकाम्या पिंपात तेल नसते पण वाफ असते, आणि ठिणगी पडली की ती बॉम्बसारखी उडते. डिझेल, रॉकेल, ऑइल, कीटकनाशक, कशाचेही बंद पिंप असो, त्याला काडी किंवा ग्राइंडर लावायचा नाही. आपल्या गोठ्यात, बांधावर असली पिंपे ढिगाने पडलेली असतात, म्हणून हे आधी सांगितले. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्डिंग करताना पांढरा धूर सोडतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आधी मुलामा घासून काढावा, काम उघड्यावर करावे आणि वाऱ्याकडे पाठ न करता धूर अंगावरून दूर जाईल असे उभे राहावे. डोळ्यांना १० किंवा ११ नंबरची काच हवी. साधा काळा गॉगल फसवतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, बटाट्याच्या फोडी ठेवून ठणका कमी वाटला तरी इजा ती इजाच. बघ्या पोरांना आधी हुसकून लावा.

गॅसकटिंगचे सिलिंडर गाड्यावर ठेवायचे असेल तर ते उभे आणि साखळीने बांधलेले हवे. ऑक्सिजनच्या नळीला, तोटीला तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, त्याने पेट घेतो. आम्ही तर म्हणतो, सुरुवातीला गॅसच्या भानगडीत पडूच नका. कापायचे काम ग्राइंडरने भागते. आणि वीज मीटरमधूनच घ्या, अर्थिंग करून घ्या. पावसाच्या दिवसांत, ओल्या जमिनीवर, आकडा टाकून वेल्डिंग करणे म्हणजे एका सांध्यासाठी घरचा कर्ता घालवणे. लाकडाच्या फळीवर उभे राहा, हातमोजे कोरडे ठेवा.

अंगावर सुती कपडा हवा. टेरिकॉट, नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. सुताला भोक पडते, पण ते वितळत नाही. उल्हासनगरात घरोघरी जीन्स शिवली जाते आणि शेजारच्या शेडीतले वेल्डर तीच घालून काम करतात. तो कापूस कोणाच्या तरी कोरडवाहू रानातलाच असतो. आम्ही त्या पोराला विचारले, पँट केवढ्याला? त्याने सांगितलेला आकडा ऐकला आणि तेवढ्या पैशांसाठी किती कापूस मोजावा लागतो याचा हिशोब आपोआप मनात सुरू झाला. ती सवय आता जाणार नाही.

अवजारांच्या बाबतीत एक जास्तीची सूचना. वखराची पास पुष्कळदा मोटारीच्या पाट्याच्या लोखंडाची असते. ते लोखंड कडक असते. साध्या काडीने थंडगार असताना जोडले आणि वर पाणी मारले की काचेसारखे तडकते. आधी भट्टीत किंवा शेकोटीत चांगले तापवून घ्यावे, ७०१८ नंबरची कोरडी काडी वापरावी आणि सांधा झाल्यावर तुकडा राखेत पुरून हळूहळू निवू द्यावा. आपला जुना लोहार पाट्याचे पाते राखेत का ठेवत असे, ते त्या शेडमध्ये आम्हाला नव्याने कळले.

आता मूळ मुद्दा. मोडका वखर, झिजलेली पास, वाकलेला आस आपण भंगारवाल्याला किलोवर देतो. तेच लोखंड वितळून, लाटून, अँगल होऊन तालुक्याच्या दुकानात येते आणि आपण ते दुकानाच्या भावाने घेतो. भंगाराचा भाव आणि अँगलचा भाव यांत फरक किती, ते ज्याने त्याने आपल्या गावी विचारून पाहावे. कापसाचे हेच, लोखंडाचेही हेच. गावातून जाते ते कच्चे आणि वजनावर. गावात येते ते पक्के आणि नगावर.

फरक एवढाच की कापसाच्या वाटेत सरकार उभे राहिले. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी आली, आणि आपला माल आपल्याला पाहिजे तिथे विकण्याची सोय कितीतरी वर्षे राहिली नाही. लोखंडावरही परमिट होते, कोटा होता. पण १९९२ च्या जानेवारीत पोलादाच्या भावावरचे आणि वाटपावरचे नियंत्रण उठले. म्हणजे लोखंड मोकळे होऊन तीस वर्षे उलटली. गावात वेल्डिंगचा गाडा फिरवायला आज कोणी आपला हात धरलेला नाही. जिथे सरकार आडवे येते तिथे आपण लढतोच, लढत राहू. जिथे कोणीच आडवे नाही तिथेही आपण का बसून आहोत, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

आणि एक गैरसमज आताच काढून टाकतो. उद्या एखादा पुढारी या गाड्याला हार घालील आणि म्हणेल, बघा, शेतकऱ्याने भंगारातून यंत्र केले, त्याला अनुदान नको, भाव नको, तो स्वावलंबी झाला. असल्या हारांपासून सावध राहा. गरिबीचे कौतुक करणाऱ्यांनी आपले फार नुकसान केले आहे. भंगार वापरायचे ते नवे घ्यायला आज पैसे नाहीत म्हणून. कापसाला रास्त दाम मिळाले की त्याच पोराने नवा अँगल, नवे मशीन, चांगली काच घ्यावी, हीच आमची इच्छा. गाड्याने कर्ज फिटणार नाही आणि भावाचा प्रश्न सुटणार नाही. तो फक्त वापशाचे दोन दिवस वाचवील. पण ते दोन दिवस आपले आहेत.

म्हणून जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक कागद लिहून आणावा. गेल्या खरीप-रब्बीत अवजार मोडले म्हणून किती फेऱ्या तालुक्याला झाल्या, किती दिवस मोडले, गाडीभाडे किती, सांध्याची मजुरी किती, आणि किती किलो लोखंड भंगारात गेले. खोटे आकडे नकोत, कमी असले तरी खरे आणा. बेरीज मांडवात सगळ्यांसमोर होईल. ज्या गावांची बेरीज एका मशीनच्या किमतीपेक्षा जास्त भरेल, त्यांनी वर्गणी काढून गाडा करावा. गावातला एखादा पोरगा किंवा पोरगी आयटीआयला वेल्डरच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला पाठवावी. खुरपी, विळे, कोळपी यांच्याशी घरात सगळ्यांत जास्त संबंध बायांचा येतो, तेव्हा हे काम पोरींचे नव्हे असे कोणी म्हणू नये. मजुरी रोख ठरवावी. लोहाराला बलुते देऊन आपण वर्षभर राबवले आणि त्याची मुले गाव सोडून गेली, ती चूक पुन्हा करायची नाही. कसब फुकट मागणारे गाव कसबी माणूस टिकवू शकत नाही.

पूर्वी बदलापुरात दमलेले घोडे बदलून पुढच्या मजलीला निघत, त्यावरून गावाचे नाव पडले असे म्हणतात. आपला तो पोरगा तिथूनच परत फिरायचे म्हणतो आहे. यंदा रोहिणीच्या आधी तो गाडा मालट्रकवर टाकून गावी आणणार, आणि मृगापुरता तरी राहणार. पुढे राहील की नाही, ते गावात त्याला काम किती मिळते आणि कामाचे पैसे किती वेळेवर मिळतात, यावर आहे.

त्याची तिफण तर तो जोडून घेईल. तुमची कोण जोडणार, ते मेळाव्यात ठरवू.